पेलेटची पंखा-शेगडी कोकणात: शेगडी चांगली, पण पेलेट कुठे ठेवणार ते आधी ठरवा

पेलेट म्हणजे भुसा, टरफले दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या. त्यांच्यावर पंख्याच्या हवेने जळणाऱ्या शेगडीला नोव्हेंबर ते मे या काळासाठी पाचपैकी चार गुण. जून ते सप्टेंबर मात्र गुण शेगडीला नव्हे, पेलेट ठेवण्याच्या जागेला द्यावे लागतात. पेलेट झाकणबंद पिंपात असतील तर तेच चार. पडवीत पोते उघडे पडले असेल तर एकही नाही, कारण मग चुलीपेक्षा जास्त धूर होतो आणि शेगडीत बिघाड नसताना लोक ती दुरुस्तीला घेऊन जातात.

हे परीक्षण घरगुती मापाच्या शेगडीचे आहे. एका भरणीत सुमारे ६०० ग्रॅम पेलेट मावणारी, वरून पेटवायची, खाली छोटा पंखा असलेली, चार-पाच माणसांच्या घरापुरती. बाजूला पेलेटची पेटी असलेल्या, सतत चालणाऱ्या मोठ्या शेगडीबद्दल पुढे थोडे लिहिले आहे. युरोप-अमेरिकेत खोली गरम करायला वापरतात ती पेलेटची भट्टी हे वेगळे यंत्र आहे. कोकणातल्या हिवाळ्यात तिचे काही काम नाही.

ही शेगडी कशी जळते ते एकदा समजून घेतले की निम्म्या तक्रारी आपल्याच सुटतात. आग वरून लागते आणि हळूहळू खाली उतरते. तापलेल्या पेलेटमधून निघणारा धूर म्हणजे जळाऊ वायूच असतो. पंख्याची थोडी हवा खालच्या जाळीतून पेलेटमध्ये शिरते आणि हा वायू तयार करते. उरलेली हवा चेंबरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या आतल्या डब्याच्या, वरच्या कडेच्या भोकांतून येते आणि तो वायू जाळून टाकते. वरची हवा कमी पडली तर धूर आणि काजळी, खालची कमी पडली तर आग मरगळते. पहिली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे ज्योत असते, पुढे नुसते निखारे राहतात.

ताकद किती? दर मिनिटाला साधारण १० ग्रॅम पेलेट जळतात. पेलेटची उष्णता किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी धरली आणि त्यातली ३५ टक्के भांड्याला मिळाली, तर किलोमागे १,४०० किलोकॅलरी हाती लागतात. ३५ टक्के हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. आयएस १३१५२ (भाग १) : २०१३ या भारतीय मानकात पंख्याच्या शेगडीसाठी किमान कार्यक्षमता तेवढीच सांगितली आहे, बिनपंख्याच्या सुधारित चुलीसाठी ती २५ टक्के आहे. या हिशेबाने पाच लिटर पाणी उकळायला पंचवीसेक मिनिटे लागतात. वीस लिटर आंघोळीचे पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ५०० ग्रॅम पेलेट लागतात, म्हणजे एक भरणी आणि एक हंडा. न्हाणीघरातल्या बंबाची सवय असलेल्यांना हे प्रमाण लगेच पटेल, आणि आमच्या मते या शेगडीचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.

स्वयंपाकात भात, पेज, आमटी, कुळथाची पिठी, मोदकांचे उकडपात्र या सगळ्याला ती उत्तम. घावण्यांना आणि भाकरीला मध्यम. ज्योत मधोमध एकवटते, त्यामुळे बिडाचा तवा मध्ये जास्त तापतो आणि कडेचे घावन कच्चे राहते. तवा दर घावण्याला पाव वळसा फिरवावा लागतो. अगदी मंद आच हवी असेल तर ज्योतीच्या वेळेत ती मिळत नाही. पंखा फार कमी केला की धूर येतो. मंद शिजवायचे ते निखाऱ्यांवर ठेवावे.

गॅसशी तुलना करायची तर साधा हिशेब आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, बर्नरची कार्यक्षमता ६८ टक्के धरून, जेवढी उष्णता भांड्याला मिळते तेवढी मिळवायला सुमारे ७५ किलो पेलेट लागतात. आजच्या सिलिंडरच्या भावाला ७५ ने भागा. सिलिंडर ९०० रुपयांना असेल तर उत्तर १२ येते. पेलेट घरपोच त्याहून स्वस्त पडत असतील तरच पैसे वाचतात. घाटावरून येणाऱ्या मालात वाहतुकीचा खर्च मोठा असतो, म्हणून भाव नेहमी वाहतुकीसकट विचारावा.

पेलेट: खरी परीक्षा इथे

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड असे काहीतरी दाबून केलेल्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. युरोपच्या उत्तम प्रतीच्या लाकडी पेलेटला ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि राख ०.७ टक्क्याच्या आत लागते. आपल्याकडे शेतमालाच्या पेलेटमध्ये राख त्याच्या कितीतरी पट असते. ती चालवून घेता येते. ओलावा चालवून घेता येत नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडे पेलेट पाण्याचा थेंब न लागताही ओल धरतात. आधी चकाकी जाते, मग कांडी फुगते, शेवटी हातात भुगा येतो. ओल्या पेलेटची बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते, शिवाय भुगा जाळीवर बसून खालची हवा अडवतो. एकाच वेळी दोन्हीकडून मार.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. कांडी मोडली की कट् असा आवाज येऊन सरळ तुटली पाहिजे; वाकून चुरली तर माल परत. पेल्यातल्या पाण्यात टाकल्यावर ती बुडाली पाहिजे, तरंगली तर दाब कमी पडलेला आहे. पोत्याच्या तळातला मूठभर माल तीन मिलिमीटरच्या चाळणीवर चाळून पाहावा. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमपेक्षा फार जास्त भुसा निघू नये. आणि शंका असेल तर १०० ग्रॅम पेलेट डिजिटल काट्यावर मोजून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवावेत. ९० ग्रॅम उरले तर ओलावा दहा टक्के. पंधराच्या पुढे गेला तर तो माल या शेगडीसाठी नाही.

भाताच्या तुसाचे पेलेट कोकणात स्वाभाविक वाटतात, पण त्यांची राख १५ ते २० टक्के असते आणि ती बहुतेक सिलिका असल्यामुळे जळल्यावरही कांडीचा आकार धरून उभी राहते. एका भरणीमागे शंभर ग्रॅमच्या आसपास राख. प्रत्येक वेळी जाळी मोकळी करायची तयारी असेल तरच घ्यावेत. पेंढ्याचे पेलेट मात्र घेऊच नयेत. पेंढ्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त, त्यामुळे राख वितळून तिचे काचेसारखे खडे जाळीवर चिकटतात आणि पत्राही लवकर खाल्ला जातो.

काजूच्या टरफलांचा मोह कोकणात प्रत्येकाला होतो. फुकट मिळतात, जोरात जळतात. ती शेगडीत टाकू नका. टरफलातले तेल कातडीला फोड आणणारे असते, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, आणि त्याचे डांबरासारखे थर वरच्या भोकांत बसतात. किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूड आणि खाऱ्या पाण्यात कुजवलेले नारळाचे सोडणही नको. त्यातले मीठ स्टील खाऊन टाकते. गोड्या पाण्याच्या भागातले कोरडे सोडण पेटवणीला मात्र छान.

साठवणीला २०० लिटरचे, कड्याने आवळायच्या झाकणाचे प्लास्टिकचे पिंप घ्यावे. त्यात १२० ते १२५ किलो पेलेट बसतात. रोज दीड किलो धरले तर जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांना १८३ किलो लागतात, म्हणजे दोन पिंपे पुरतात. ती मेच्या मध्यापर्यंत, वळवाच्या आधी, कोरड्या दिवशी भरून ठेवावीत. पिंप लाकडी फळ्यांवर ठेवावे. सारवलेल्या जमिनीवर किंवा जांभ्याच्या भिंतीला टेकवून नको, कारण चिरा पावसाळाभर ओल ओढत असतो. रोजचा वापर एका पाच लिटरच्या घट्ट डब्यातून करावा; पिंप आठवड्यातून एकदाच उघडावे. ही एवढी शिस्त पाळली की बाकीचे प्रश्न किरकोळ आहेत.

पेटवणे आणि विझवणे

पेलेट वरच्या भोकांच्या दोन बोटे खालपर्यंतच भरावेत. भोके झाकली की वरची हवा बंद, आणि ही चूक सगळ्यांत जास्त होते. वर सोडणाचा पिंजलेला काथ्या आणि चार-सहा बारीक काड्या ठेवून काडी ओढावी, पंखा अगदी कमी ठेवावा. दोन-तीन मिनिटांत वरचा थर सगळीकडून लाल झाला की पंखा वाढवावा. रॉकेल, पेट्रोल वापरू नये, आणि गरम शेगडीवर तर कोणतेच तेल ओतू नये.

मध्येच पेलेट टाकू नयेत. धगधगत्या निखाऱ्यांवर मूठभर पेलेट पडले की त्यांचा वायू एकदम सुटतो, ज्योत त्याला पुरत नाही आणि स्वयंपाकघर धुराने भरते. जास्त वेळ शिजवायचे असेल तर दुसरी भरणी वेगळी पेटवावी.

ज्योत चालू असताना पंखा बंद करू नये. हवा थांबली तरी पेलेट वायू सोडतच राहतात. तो वायू खालच्या बाजूने पंख्याकडे येतो आणि प्लास्टिकचे पाते वाकवतो. म्हणूनच नुसत्या अडॅप्टरवर चालणारी शेगडी कोकणात घेऊ नये. पावसात लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॅटरी असलेलीच घ्या, किंवा १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी जोडून घ्या.

आणि एक गोष्ट हलक्यात घेऊ नये. ज्योत संपून निखारे उरले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नाही, रंग नाही. कौलारू घरात कौलांच्या फटींतून तो बराचसा निघून जातो. स्लॅबच्या घरात पावसामुळे खिडक्या लावलेल्या असतील तर साठतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे आहेत. निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या खोलीत, बंद न्हाणीघरात, किंवा कपडे वाळवायला म्हणून माजघरात कधीही ठेवू नये.

बिघाड ओळखताना

ज्योत पिवळी आणि भांड्याला काजळी: आधी भरणीची उंची पाहा, मग वरची भोके. शेगडी थंड असताना पंखा चालू करून कडेने पेटती अगरबत्ती फिरवावी. धूर प्रत्येक भोकापाशी सारखाच आत ढकलला गेला पाहिजे. जिथे धूर सरळ वर जातो, तिथले भोक बुजले आहे. सायकलच्या चाकाची तार त्यासाठी अगदी योग्य मापाची असते. भोक रुंद करू नका, फक्त मोकळे करा.

ज्योत एका बाजूला झुकते: शेगडी सपाट जागी आहे का ते पाहा. मग जाळीवर खडा बसला आहे का ते. खडा थंड झाल्यावर लाकडी दांड्याने उडवावा, छिन्नी-हातोडी लावली की जाळी वाकते. दोन्ही ठीक असूनही ज्योत झुकत असेल तर आतले चेंबर उष्णतेने वाकले आहे. ते बदलावेच लागते.

अर्ध्यात विझते: दहापैकी नऊ वेळा ओले पेलेट किंवा राखेने भरलेली जाळी. जाळी काढून मोबाइलच्या उजेडासमोर धरली की लगेच दिसते. राख आणि ठिणग्या उडत असतील तर उलट आहे, पंखा गरजेपेक्षा जोरात चालला आहे.

पंखा फिरतच नाही, तेव्हा लगेच नवा आणू नका. आधी मल्टिमीटरने अडॅप्टर तपासा. नुसता मोजला तर १२ व्होल्ट आणि पंखा जोडल्यावर ९ वर घसरला, तर दोष अडॅप्टरचा. व्होल्ट बरोबर असतील तर जोडणीची पिन पाहा. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो आणि वीज पुढे जात नाही. बारीक पॉलिश पेपरने घासून पिन घट्ट बसवली की निम्मे पंखे जिवंत होतात. त्यानंतर हवेची वाट. पावसाळ्यानंतर न वापरलेल्या शेगडीत कुंभारमाशी मातीचे घर करते, कधी पंख्याच्या तोंडावर, कधी थेट हवेच्या नळीत. हे बाहेरून दिसत नाही. तळाचा पत्रा उघडूनच पाहावे लागते.

पंखा बदलावा लागला तर जुन्यावरचा आकडा वाचून तोच व्होल्ट, तोच आकार घ्या आणि चौकटीवरचा हवेच्या दिशेचा बाण जुळवा. एक फरक दुकानदारही सांगत नाहीत: गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर असेल तर त्याजागी संगणकातला चपटा पंखा चालत नाही. तो मोकळ्यावर भरपूर हवा देतो, पण पेलेटच्या थरातून हवा ढकलायला लागणारा दाब त्याच्यात नसतो. बॉल-बेअरिंगचा घ्यावा, साध्या बुशचा उष्णतेजवळ लवकर घरघर करू लागतो.

निगा

राख प्रत्येक भरणीनंतर काढायची. पेलेटमध्ये सहा टक्के राख धरली तर ६०० ग्रॅममधून ३६ ग्रॅम पडते; तीन भरण्यांत राखेचा ट्रे भरतो आणि गरम राख पंख्याच्या तोंडापर्यंत येते. प्लास्टिक जळल्याचा वास आला की हेच झालेले असते. काढलेली राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात पूर्ण एक दिवस ठेवावी, आत निखारा लपलेला असतो. मग ती माडाच्या आळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात टाकता येते. कोकणच्या आंबट जांभ्या मातीला ती मानवते.

आठवड्याला जाळी आणि भोके, महिन्याला कोरड्या ब्रशने पंखा आणि स्क्रू आवळणे, एवढे पुरते. पाण्याने काहीही धुवायचे नाही. बंद ठेवायची असेल तर शिसे-आम्लाची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. लिथियमची निम्मी भरून ठेवावी. भांड्याच्या स्टँडला आणि बाहेरच्या कडांना खोबरेलाचा हात फिरवावा. पुन्हा पेटवताना थोडा धूर येतो, तो चालतो.

घेताना चेंबरच्या पत्र्याला लोहचुंबक लावून पाहावे. जोरात चिकटला तर तो ३०४ प्रतीचा स्टेनलेस नाही. किनाऱ्यापासून दूर, घाटमाथ्याजवळच्या गावात ते चालून जाईल. देवगड, मालवण, गुहागर, श्रीवर्धनसारख्या समुद्रालगतच्या ठिकाणी नको. बाहेरचा रंगवलेला पत्रा कापलेल्या कडांपासून गंजायला लागतो, म्हणून कडा दुमडलेल्या आहेत का तेही पाहावे. जाळी, पंखा आणि आतले चेंबर हे तीन सुटे भाग वेगळे विकत मिळतात का, हे पावती करण्याआधी विचारावे. मिळत नसतील तर शेगडी कितीही चांगली जळो, घेऊ नये.

खानावळ किंवा घरगुती निवासाची सोय चालवणाऱ्यांना बाजूच्या पेटीची सतत चालणारी शेगडी योग्य. तिच्यात पेलेट आपोआप सरकत राहतात, त्यामुळे मध्येच भरण्याची अडचण नाही. पण तिचे दुखणे वेगळे आहे. ओल धरलेले पेलेट पेटीच्या तोंडाशी एकमेकांत अडकून कमान करतात. वर माल भरलेला दिसतो आणि खाली आग विझते. चार सेंटिमीटरपेक्षा लांब कांड्यांनीही हेच होते, त्या भरतानाच वेचून मोडाव्यात. अडकलेला माल लाकडी काठीने मोकळा करावा, हात घालू नये. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री पेटी रिकामी करून माल झाकणबंद डब्यात काढून ठेवावा, कारण एका रात्रीत वरचा थर मऊ पडतो आणि सकाळच्या चहालाच शेगडी अडते.